जपान उकिडवे

सिंगापुरातल्या कुठल्याही मराठी घरात जाऊन "डिसेंबरात जपानला जायचं म्हणतोय" एवढंच म्हणून बघा. समोरचा माणूस चहाचा कप खाली ठेवतो आणि विचारतो, "उकिडव्यांशी बोललात का?" तिकिटं, व्हिसा, स्वेटर वगैरे सगळं नंतर. आधी उकिडवे.

हे उकिडवे म्हणजे प्रबोध उकिडवे. सेम्बावांगला आमच्याच ब्लॉकमध्ये, आमच्याच मजल्यावर राहतात. 'राहतात' हे फक्त ओळख करून देण्यापुरतं. बारा वर्षांच्या शेजारानंतर मी त्याला अरेतुरेच करते. वय सेहेचाळीस, मूळचा पुण्याचा, सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, म्हणजे इतरांच्या कामातल्या चुका काढण्याचा पगार घेतो. हीच सेवा तो घरीही द्यायला जातो आणि त्याची बायको अनघा ती साफ नाकारते. मी राधिका. एका कंपनीत एचआरमध्ये आहे. लोकांनी लिहिलेली रजेची कारणं वाचणं हा माझा धंदा, त्यामुळे थाप मला मैलभरावरून ऐकू येते.

प्रबोधचं खरं आयुष्य जेवणाच्या टेबलावर, लॅपटॉपमध्ये चालतं. तिथे त्याचं जपान आहे. टोकियो आणि क्योटो ही त्याच्या मते बोट पकडायला जाताना वाटेत येणारी अडगळ. वेड आहे ते सेतोच्या समुद्रातल्या चिमुकल्या बेटांचं, आणि त्यातही एकाच बेटाचं. तोमोनेजिमा. वस्ती एकशे चाळीस, उतारावर संत्र्यांच्या बागा, एक दुकान, एक पोस्टाची पेटी, आणि फुमिए नावाच्या आजी चालवतात तो चार खोल्यांचा होमस्टे. दिवसाला चार बोटी. त्या बोटींच्या वेळा विचारायला प्रबोधला झोपेतून उठवलंत तरी चालेल.

जपानला निघालेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला तो एक एक्सेल शीट देतो. सात रंगांत. त्यातल्या काही ओळी मला पाठ झाल्या आहेत: "दहा चाळीसची बोट. दहा तीसला धक्क्यावर. डावीकडे बसा, उजवीकडे धूर येतो. उतरलात की समोर लाल पोस्टाची पेटी, तिच्या बाजूने चढ. दुसऱ्या वळणावर बॅग दुसऱ्या हातात घ्या. रविवारी शेवटची बोट साडेचारची. ती कोणासाठीही थांबत नाही. मंडळाच्या यशोधनसाठीसुद्धा नाही." आणि सगळ्यात शेवटी, केशरी रंगात: "आजींसाठी मेतकुटाचं एक पाकीट न्यावं. पहिल्या दिवशीच द्यावं, शेवटच्या दिवशी राहून जातं."

आता गंमत सांगते. हा माणूस जपानला कधीही गेलेला नाही.

एकदाही नाही. तोमोनेजिमा सोडा, त्याने जपानचा विमानतळसुद्धा पाहिलेला नाही. हे फक्त अनघाला, त्यांच्या मुलीला म्हणजे ऋग्वेदाला आणि मला माहीत होतं. बाकी अख्ख्या सिंगापूरच्या मराठी लोकांत तो 'जपान उकिडवे'.

झालं असं की २०१८च्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत यशोधन पुढे उभा होता. यशोधन म्हणजे वुडलँड्सचा, मंडळाचा हौशी कार्यकर्ता, ज्याला माईक नसला तरी काही फरक पडत नाही. तो कोणाला तरी सांगत होता की सेतोच्या बेटांवर जायचंय पण काही कळत नाही. मागून प्रबोध म्हणाला, "दहा चाळीसची घ्या. आणि उजवीकडे बसू नका, धूर येतो." बस्स. "तू गेला होतास का?" असं त्याला कोणी विचारलंच नाही. आपल्याकडे एवढ्या ठामपणे बोलणाऱ्या माणसाला असला प्रश्न विचारायची पद्धत नाही. उजवीकडे धूर येतो म्हणणारा धूर खाऊन आलेला असणारच, असं सगळ्यांनी धरून टाकलं. प्रबोधच्या हातात शिऱ्याचा द्रोण होता. तो काही बोलला नाही. त्याचा सगळा गुन्हा एवढाच.

धूर त्याला दिसला होता तो तिथल्या धक्क्यावरच्या कॅमेऱ्यात. बोटकंपनीने हवामान कळावं म्हणून तो कॅमेरा लावलाय, आणि प्रबोध ऑफिसात डबा खाताना रोज तो लावून बसतो. बाकीची माहिती नकाशांवरून, उपग्रहाच्या चित्रांवरून आणि तिथल्या कोणा हौशी कोळ्याने काढलेल्या व्हिडिओंवरून. दुसरं वळण त्याने किती वेळा पाहिलं असेल याची गणतीच नाही.

मग गेला का नाही? कारणं मी ओळीने ऐकली आहेत. एका वर्षी अनघाच्या आईचा गुडघा. पुढच्या वर्षी ऋग्वेदाची परीक्षा. मग कोविड. मग नवी नोकरी आणि कामाचा नवा पास. प्रत्येक कारण खरं होतं. पण प्रत्येक वेळी तिकिटं रद्द करताना त्याचा चेहरा असा उजळायचा की माझ्यातली एचआर सावध झाली. शेवटी एकदा चकल्या पाडता पाडता अनघानेच सांगितलं. "अगं, त्याला बोट लागते."

"अनेकांना लागते."

"अशी नाही. लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरला गेलो. वेण्णा तलावात बोटीत बसलो आणि दोनच मिनिटांत हा पांढराफटक. मी नावाड्याला ओरडले, 'परत फिरवा, परत फिरवा!' तो म्हणाला, 'ताई, अजून दोरी सोडायचीय.'"

मी इतकी हसले की एक चकली सरळच पडली. पण नंतर वाईटही वाटलं. बोटींवर जीव टाकणाऱ्या माणसाला बोटीनेच असं वागवावं!

तर असं सगळं सुखात चाललं होतं. अडतीस कुटुंबं त्याच्या शीटवर तोमोनेजिमाला जाऊन आली. येताना त्याच्यासाठी संत्र्याचा मुरांबा आणत. तो बरणी उघडून वास घ्यायचा आणि "हां, हाच तो" म्हणायचा.

आणि गेल्या ऑगस्टमध्ये फुमिए आजींची ईमेल आली.

ऋग्वेदा पंधरा वर्षांची आहे आणि शाळेत तिसरी भाषा म्हणून जपानी शिकते. बापाच्या वेडाचा त्या घराला झालेला हा एकमेव फायदा. तिने ईमेल वाचली आणि लॅपटॉप हळूच मिटला. "बाबा, यू आर सो डेड लाह."

बेटावरच्या बायकांचं मंडळ पहिल्यांदाच परदेशी सहलीला निघालं होतं. ऑक्टोबरात, चार दिवस सिंगापूर. त्यातला एक दिवस फुमिए आजींना उकिडवे-सानबरोबर घालवायचा होता. इतकी माणसं तुम्ही पाठवलीत, लिहिलं होतं, तुमचे आभार मानायचे आहेत. तुम्हाला बोटी फार आवडतात ना, मग तुमच्या देशातल्या एखाद्या बेटावर मला बोटीने न्या.

हीच ईमेल आजींनी यशोधनलाही पाठवली होती, कारण तो दोनदा जाऊन आलेला. संध्याकाळपर्यंत 'उकिडवे सत्कार समिती' नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला. रात्रीच्या जेवणाच्या आत त्यात एकसष्ट लोक होते. बेत ठरला: शनिवारी सकाळी चांगी पॉइंटहून बोटीने पुलाव उबिन या बेटावर, तिथे झाडाखाली शाल आणि श्रीफळ, आणि आजी गावकीचं मानपत्र आणणार आहेत ते जाहीर वाचायचं. मानपत्रातली एक ओळ आजींनी आधीच पाठवली होती. ती अशी होती, "वारंवार आमच्या बेटावर येऊन ज्यांनी आम्हाला आपलं मानलं."

प्रबोध माझ्या स्वयंपाकघरात येऊन फ्रिजला टेकून उभा राहिला. "राधिका, मी मेलो."

"सांगून टाक."

"कोणाला? एकसष्ट लोकांना? उद्यापासून माझ्या शीटवर कोण विश्वास ठेवेल? आणि ते जाऊ दे." त्याने फ्रिजवरचं एक मॅग्नेट काढलं, परत लावलं. "ती बाई माझं नाव घेऊन आपल्या लोकांना जेवू घालते. पहिल्या पाहुण्यांना तिने रात्री वरण करून घातलं, तेही माझ्या शीटवरून शिकून. आणि मी तिला फसवतोय. तिच्यासमोर शाल पांघरून घेऊ?"

त्याचे डोळे भरले होते. मला त्याला चिडवायचं होतं, पण जमलं नाही. मी म्हटलं, "मग त्यांना एकट्यांना गाठून सांग. मानपत्राच्या आधी." तो हो म्हणाला. मग पुढचे सहा आठवडे त्याने त्या वाक्याची तयारी करण्याऐवजी पोटाची तयारी केली. अॅव्होमिनच्या गोळ्या, आलेपाक, हुंगायला लिंबू, मनगटाला बांधायचे पट्टे. संध्याकाळी सेम्बावांगच्या जेट्टीवर उभा राहून तो पाण्याकडे टक लावून बघायचा, सवय व्हावी म्हणून. तिसऱ्या दिवशी जेट्टीवरच गरगरलं. जेट्टी सिमेंटची आहे.

शनिवार उजाडला. चांगी पॉइंटला बोटी सुटायला वेळापत्रक नसतं; बारा माणसं जमली की बोट निघते. आम्ही एकसष्ट, त्यामुळे बारा-बाराचे गट पाडायची जबाबदारी यशोधनने ओरडून पार पाडली. पहिल्या बोटीत सत्कारमूर्ती, आजी, आम्ही आणि तो स्वतः.

फुमिए आजी टॅक्सीतून उतरल्या. एकाहत्तर वर्षांच्या, माझ्या खांद्याला लागतील इतक्या, डोक्यावर रुंद टोपी, अंगात बारा खिशांचं जाकीट. प्रबोधला बघून त्या कमरेत वाकल्या. प्रबोधने नमस्कार केला आणि वाकला. त्या परत वाकल्या. हा परत वाकला. दोघांनाही थांबायचं कसं ते कळेना. शेवटी अनघाने आपल्या नवऱ्याला शर्टाला धरून सरळ केलं. मग आजींनी एका खिशातून एक छोटी डबी काढली, दाखवली आणि म्हणाल्या, "उकिडवे!"

डबीत मेतकूट होतं.

ऋग्वेदाने भाषांतर केलं तेव्हा आम्ही धक्क्यावरच कोसळायचे बाकी होतो. कोविडची दोन वर्षं सोडून पाच हिवाळ्यांत अडतीस पाकिटं मेतकूट त्या घरात पोचलं होतं. आजी ते भातावर घालतात, टोफूवर घालतात, माशाला लावतात. त्याला काय म्हणायचं ते ठाऊक नव्हतं म्हणून घरात त्याचं नाव पडलं उकिडवे. आता बेटावर येणारे जपानी पाहुणेसुद्धा सकाळी भाताचा वाडगा पुढे करून "थोडं उकिडवे द्या" म्हणतात. प्रबोध एका क्षणात लाल झाला आणि पुढच्याच क्षणी, बोट दिसल्यावर, हिरवा.

बोट लाकडी, जुनी, मागे मोटरसायकलचे टायर लटकवलेली. इंजिन सुरू झालं की डिझेलचा वास सगळ्यांच्या नाकात. पाणी तसं ताटासारखं सपाट होतं, पण मधूनच एक मोठं जहाज गेलं आणि त्याच्या लाटा आमच्याकडे आल्या. बोट एकदा वर, एकदा खाली. यशोधन मोठ्याने समुद्राचं वर्णन करत होता. प्रबोध डोळे मिटून लिंबू हुंगत होता. त्याच्या कपाळावर घाम होता. मी मनात म्हटलं, दहा मिनिटं आहेत, गणपतीबाप्पा, फक्त दहा मिनिटं.

तेवढ्यात शेजारी बसलेल्या फुमिए आजींनी एका खिशातून पिशव्यांची एक व्यवस्थित घडी काढली. एक पिशवी सोडवून उघडली. दुसरी सोडवली, उघडली आणि प्रबोधच्या हातात दिली. मग अतिशय शांतपणे आपल्या पिशवीत तोंड घातलं. प्रबोधने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याचाही बांध फुटला. दोघं शेजारी शेजारी, एकाच लयीत. यशोधनचं समुद्रवर्णन अर्ध्यावर थांबलं.

मध्येच आजींनी डोकं वर काढून ऋग्वेदाला काही सांगितलं. "शी सेज," ऋग्वेदाला हसू आवरत नव्हतं, "त्या म्हणतात, सेव्हंटी-वन इयर्स, दर वेळी असंच होतं. जन्म बेटावर झाला त्याला त्या काय करणार?"

प्रबोधने पिशवीतून मान काढली. त्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी बारा वर्षांत पाहिलेलं नव्हतं. मग परत आत.

उबिनला उतरल्यावर त्या दोघांना जेट्टीजवळच्या दुकानासमोर बाकावर बसवलं आणि हातात एकेक शहाळं दिलं. यशोधन पुढच्या बोटीतल्या लोकांना उतरवून घ्यायला गेला. अनघा, ऋग्वेदा आणि मी तिथेच थांबलो. आता नाही तर कधीच नाही, हे प्रबोधलाही कळत होतं. त्याने शहाळं बाजूला ठेवलं.

"ऋग्वेदा, त्यांना सांग. मी त्यांच्या बेटावर कधीच आलेलो नाही. जपानलाच आलेलो नाही. लोकांना वाटलं मी गेलो होतो आणि मी वाटू दिलं. आता त्यांची माफी मागतोय म्हणावं."

"शुअर, बाबा?"

"शुअर."

ती बोलली. आजींनी आधी शहाळं स्ट्रॉने खरवडून संपवलं, मगच उत्तर दिलं. चांगलं लांबलचक. ऋग्वेदाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"काय म्हणतायत?" प्रबोधने विचारलं.

"शी नोज."

"काय?"

"त्यांना माहितीये, बाबा. पहिल्या वर्षापासून. त्या म्हणतात, त्यांच्याकडे चारच खोल्या आहेत. कोण कधी कुठल्या खोलीत झोपलं ते सगळं त्यांच्या लक्षात असतं. तू कुठल्याच खोलीत झोपला नाहीस."

"पण मग सगळे विचारतात तेव्हा त्या..."

"त्या सांगतात, हो, आला होता, मागच्याच महिन्यात येऊन गेला."

मग आजींनी आपण प्रबोधबद्दल काय काय सांगून ठेवलंय ते आनंदाने बोटांवर मोजून दाखवलं. उकिडवे-सान समुद्राकडच्या खोलीत उतरतात. भाताचे तीन वाडगे खातात आणि चौथ्याला लाजून नाही म्हणतात. न्हाणीत गातात, सूर बरा आहे. एकदा सायकलसकट संत्र्याच्या बागेत पडले, एक फांदी मोडली, आणि दुसऱ्या दिवशी सुतळी घेऊन ती बांधायला गेले. अनघा हसून हसून बाकावर आडवी झाली. कारण यशोधन जपानहून आला की दर वेळी डोळा मारून विचारायचा, "काय उकिडवे, न्हाणीत गाता म्हणे!" आणि प्रबोधला वाटायचं, हा काहीतरी खुळचट विनोद करतोय.

"पण का?" प्रबोधने विचारलं. "माझ्यासाठी खोटं का बोललात?"

आजी सावकाश बोलल्या. ऋग्वेदाही या वेळी सावकाश, मराठीत बोलली. "त्या म्हणतात, पहिल्या पाहुण्यांनी तुझा कागद दाखवला. दुसऱ्या वळणावर बॅग दुसऱ्या हातात घ्या, असं त्यात होतं. त्यांचे मिस्टर पाहुण्यांना आणायला जायचे, ते बरोबर तिथेच हे सांगायचे. ते गेल्याला तेव्हा एक वर्ष झालं होतं. त्या म्हणतात, ज्या माणसाला न येता हे कळलं, त्याला यायची किती इच्छा असेल. आणि काहीतरी आड येत असणार. म्हणून कोणी विचारलं की त्या सांगायला लागल्या, आला होता."

प्रबोध रडायला लागला. लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. आजींनी खिशातून रुमाल काढला आणि ऋग्वेदाला हळूच म्हणाल्या की तुझ्या वडिलांना सांग, काळजी करू नकोस, शाल घे आणि गप्प बस. मी कोणाला बोलणार नाही. पुढच्या वर्षासाठी तर मी तुझी एक फार चांगली गोष्ट तयार करून ठेवली आहे, त्यात एक रानडुक्कर आहे.

म्हणजे सुटका होती. पूर्ण, पक्की, जपानी बनावटीची सुटका. मी तर मनात टाळ्यासुद्धा वाजवल्या.

झाडाखाली एकसष्ट लोक जमले. बत्तीस डिग्रीत यशोधनने प्रबोधच्या अंगावर काश्मिरी शाल घातली. नारळ दिला. मग ऋग्वेदाने मानपत्र वाचायला घेतलं. बेटावर थंडीत माणूस फिरकत नाही, म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी दुपारच्या दोन्ही बोटी बंद करायचं ठरलं होतं. पण सिंगापूरच्या शाळांना नोव्हेंबर-डिसेंबरात सुट्टी लागते आणि नेमक्या त्याच दिवसांत कानटोप्या घातलेली, खूप बोलणारी माणसं बोटी भरून येऊ लागली. त्यामुळे बोटी चालू राहिल्या. त्या बोटींनी बेटावरची म्हातारी माणसं डॉक्टरकडे जातात. हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं.

"उकिडवे-सामा यांनी वारंवार आमच्या बेटावर येऊन..." ऋग्वेदाने वाचलं. 'सान'चं आता जास्त आदराचं 'सामा' झालं होतं.

"थांब," प्रबोध म्हणाला.

अनघाने माझा हात धरला.

"हे खरं नाहीये," तो म्हणाला. शाल, नारळ, नाकावर घामाचे थेंब. "मी तिथे कधीच गेलेलो नाही. एकदाही नाही. मला बोट लागते, ते आज पहिल्या बोटीतल्यांनी पाहिलंच. सात वर्षं तुम्ही समजत होतात की मी जाऊन आलोय, आणि मी तुम्हाला समजू दिलं. मला लाज वाटत होती. या बोटींसाठी त्या मला मान देतायत. मग त्यात एक खोटं वाक्य नको."

वर झाडात एक धनेश पक्षी भसाड्या आवाजात ओरडला. यशोधन पुढे आला. "एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"अरे पण धूर? उजवीकडे धूर येतो ते?"

"धक्क्यावर कॅमेरा आहे. त्यात दिसतो."

यशोधन मटकन खाली बसला. मग बसल्या बसल्याच वळून त्याने सगळ्यांना विचारलं, आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात, "आपल्यापैकी कोणाची बोट चुकली का रे कधी?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. अडतीस कुटुंबं. पाच हिवाळे. लहान मुलं, सासूसासरे, व्हीलचेअरवरची एक आत्या. कोणाचीच चुकली नव्हती.

"अरे, मी दोनदा जाऊन आलो तरी मला पोस्टाची पेटी आठवत नाही," यशोधन म्हणाला आणि परत मूळ आवाजावर आला. "आणि हा न जाता आपल्याला नेऊन आणतोय! शाल काढू नकोस रे! खबरदार!" आणि मग जो गोंधळ उडाला तो उडाला. टाळ्या, शिट्ट्या, कोणी त्याला मिठी मारतंय, कोणी पाठीत धपका घालतंय, कोणी हसतंय, दोन-तीन बायका रडतायत, आणि सगळे एकच विचारतायत: मग कधी जाणार? आजी ऋग्वेदाची बाही ओढून विचारत होत्या, काय झालं, काय झालं? कळल्यावर त्या पुढे झाल्या आणि मानपत्रावरचा लाल शिक्का सगळ्यांना दाखवला. ऋग्वेदाने ओरडून भाषांतर केलं, "शिक्का मारलाय, आता मजकूर बदलता येणार नाही! त्या म्हणतात, बाबालाच बदलावं लागेल!"

परत जाताना बोटीत आजी आणि प्रबोध शेजारी बसले. पिशव्या दोघांनी आधीच उघडून ठेवल्या होत्या.

डिसेंबरात ते तिघं गेले. मला इथे सेम्बावांगला काहीच सुचत नव्हतं. जपानी वेळेने दहा चाळीस झाले तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते आणि समोरचा काय बोलतोय ते मला एक अक्षरही कळलं नाही. दुपारी अनघाचा फोन आला. तो बोटीत पूर्ण वेळ आजारी होता, म्हणाली. उतरल्यावर धक्क्यावरच बसला. सामान घेऊन आम्ही उभ्या, आणि हा बोट परत जाताना बघतोय. ती दिसेनाशी झाली तरी उठेना. आजी शेजारी बसल्या होत्या.

"मग?"

"मग होमस्टेवर गेलो. नोंदवही असते ना, नाव, देश वगैरे. त्यात एक रकाना आहे, याआधी किती वेळा आलात. आजींनी पेन घेतलं आणि सात लिहायला निघाल्या. याने त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं, राधिका. अक्षरशः काढून घेतलं. थांब, फोटो पाठवते."

फोटो आला. प्रबोधचे केस उभे, तोंड अजून हिरवटच, आणि दोन्ही हातांनी त्याने वही कॅमेऱ्यासमोर धरलेली. रकान्यात शून्य होतं. चौकटीत न मावणारं, दोनदा गिरवलेलं, गलेलठ्ठ शून्य. मागे आजी कपाळावर हात मारून हसत होत्या. मी ऑफिसच्या पँट्रीत उभी राहून तो फोटो बघत होते आणि मला इतका आनंद झाला की मला रडू आवरेना.